पाय मोकळा झाल्यावर : क्रूझ कंट्रोल आणि गाडी चालवणारा माणूस

आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तत्त्वज्ञानाचा मास्तर, वय सत्तरीच्या पुढे, आणि बोलणार कशावर, तर गाडीतल्या एका बटणावर! पण वीरला येऊन या विषयावर बोलू नये तर कुठे बोलावं? इथं एका अंगाला मुंबई–गोवा महामार्ग आहे आणि दुसऱ्या अंगाला कोकण रेल्वे. १९९३ साली रोह्याहून रूळ आले ते वीरपर्यंत, आणि काही काळ हेच शेवटचं स्टेशन होतं. वाहतूक म्हणजे काय हे या गावाला पुस्तकातून शिकवायला नको.

आपल्यातल्या ज्यांनी हे बटण वापरलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. गाडी ताशी ८० ला आली, तुम्ही स्टिअरिंगवरचं बटण दाबलं, की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यायचा. गाडी ८० वर राहते. ब्रेक दाबला, किंवा गिअरची गाडी असेल तर क्लच दाबला, की ते सुटतं. बहुतेक गाड्यांत ताशी तीस-चाळीसच्या खाली ते लागतच नाही. पूर्वी ही चैन महागड्या गाड्यांतच होती, आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही येते. काही नव्या गाड्यांत पुढच्या गाडीशी अंतर राखणारा प्रकारही असतो, त्याच्याकडे नंतर येऊ.

गेले काही महिने आम्ही जो भेटेल त्या गाडीवाल्याला एकच प्रश्न विचारत होतो : हे बटण तुम्ही वापरता का, आणि वापरताना काय होतं? उत्तरं मोठी बोलकी आली. साठी ओलांडलेले एक गृहस्थ म्हणाले, गुडघ्याला आराम. पुण्याहून नागपूरला जाताना आधी दुसऱ्या दिवशी पाय धरायचा, आता धरत नाही. एक तरुण म्हणाला, कॅमेऱ्याच्या दंडातून सुटलो. बोलता बोलता शंभरचे एकशेवीस कधी व्हायचे ते कळायचंच नाही. एकाने सांगितलं, पेट्रोल थोडं वाचतं. सपाट रस्त्यावर ते खरं आहे. चढउताराच्या रस्त्यावर मात्र चढाला वेग थोडा पडू देणारा जुना ड्रायव्हर या यंत्रापेक्षा काटकसरी ठरतो. आणि आपल्याच पट्ट्यातला, महाडच्या एमआयडीसीत माल पोचवणारा एक ड्रायव्हर हसून म्हणाला, ‘सर, माणगावच्या बाजारात रांगेत उभं राहायला क्रूझ कशाला लागतं?’

हे हसण्यावारी नेऊ नका. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला दशकाहून अधिक काळ लोटला. मध्येच गुळगुळीत सिमेंटचा रस्ता, मध्येच वळसा, मध्येच जुना दुपदरी तुकडा. आपल्याकडचा ‘रोजचा प्रवास’ तो हा. यंत्र जन्मलं ते मात्र वेगळ्या रस्त्यासाठी.

त्या जन्माची गोष्ट सांगण्यासारखी आहे. राल्फ टीटर हे अमेरिकेतले यंत्रतज्ज्ञ. जन्म १८९०. पाचव्या वर्षी अपघातात डोळे गेले. तरीही अभियंते झाले आणि इंजिनाचे पिस्टन रिंग बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुखही झाले. गाडीत ते नेहमी शेजारच्या सीटवर. असं सांगतात की त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी व्हायचा आणि ऐकू लागले की वाढायचा. या हिसक्यांना कंटाळून टीटरांनी वेग धरून ठेवणारं साधन शोधलं. १९५० साली पेटंट मिळालं, १९५८ साली क्रायस्लरच्या गाड्यांत ते विकायला आलं. आम्हाला यातली मौज अशी वाटते की वेग एकसारखा असावा ही गरज जाणवली ती रस्ता न पाहू शकणाऱ्या माणसाला. त्यांना वेग कळत होता तो पाठीला आणि पोटाला. चालवणाऱ्याला ते हिसके जाणवतही नव्हते.

आता यंत्र आतून काय करतं ते बघू. कल्पना मुळात जुनी. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. इंजिन जोरात फिरलं की गोळे बाहेर फेकले जाऊन वर उचलले जायचे आणि वाफेची झडप मिटायची. मंदावलं की गोळे खाली, झडप उघडी. क्रूझ कंट्रोलही हेच करतं, फक्त गोळ्यांच्या जागी वीज आली. ठरवलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतला फरक ते सतत मोजतं. फरक पडला की इंजिनाला जास्त किंवा कमी पाजतं. पण फक्त आत्ताच्या फरकाकडे पाहिलं तर लांब चढावर गाडी ८० ऐवजी ७७ वरच रेंगाळेल. म्हणून ते मागची थकबाकीही धरतं : किती वेळ, किती कमी पडलो, याची बेरीज करून जोर वाढवतं. हिशेब वाण्याच्या वहीसारखा, आणि तितकाच चोख.

फक्त त्या वहीत एकच खातं आहे, वेगाचं.

न्यायदर्शनाचा विद्यार्थी इथं लगेच विचारील : या यंत्राची प्रमाणं कोणती? तर एकच, प्रत्यक्ष, आणि तेही एकाच वस्तूचं. अनुमान नाही. कशेडी घाट चढणारा ड्रायव्हर चढ समोर दिसताच आधीच जोर देतो, गिअर उतरवतो. यंत्राला चढ कळतो तो वेग पडल्यावर. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असणार, हे उदाहरण आम्ही चाळीस वर्षं वर्गात दिलं. रस्त्यावरचं उदाहरण याहून चांगलं आहे. रस्त्यावर चेंडू घरंगळत आला. चेंडूमागे पोर असणार. पोर अजून दिसलेलं नाही, पण तुमचा पाय ब्रेकवर गेलेला आहे. असंच वासराचं : रस्त्याच्या डावीकडे गाय, उजवीकडे वासरू, की कोकणातला कुठलाही गाडीवाला सांगेल, आता एकजण दुसऱ्याकडे जाणार. पुढच्या गाडीशी अंतर राखणाऱ्या नव्या प्रकाराला रडार असतं. ते पुढची चालती गाडी ओळखतं आणि वेग कमी करतं. पण त्याच गाड्यांच्या माहितीपुस्तकांत बजावलेलं असतं की थांबलेलं वाहन, दुचाकी, जनावर यांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. आमच्या अनुभवात ही पानं फार थोडे लोक वाचतात.

आता मीमांसकांकडे वळू. शास्त्राची वाक्यं ते वेगवेगळ्या प्रकारांत लावतात. त्यांपैकी दोन आपल्या कामाची. विधी म्हणजे ‘हे करावं’, निषेध म्हणजे ‘हे करू नये’. आपल्याकडे ट्रक-बसना जो स्पीड गव्हर्नर लावतात, ताशी ८० च्या पुढे जाऊ न देणारा, तो निषेध आहे. त्याच्याखाली काय करायचं ते ड्रायव्हरचं ड्रायव्हरने ठरवावं. चाळीसने चालवा, थांबा, त्याचं काही म्हणणं नाही. क्रूझ कंट्रोल हा विधी आहे. ‘८० ने जा.’ वरही नको आणि खालीही नको. दोन्ही साधनं वेगावर ताबा ठेवतात म्हणून लोक त्यांना एकाच पिशवीत टाकतात, पण चालवणाऱ्याच्या मनावर दोघांचा परिणाम उलटा होतो. निषेधाखाली माणूस निवड करत राहतो. विधी एकदा लागला की निवड थांबते, आणि ती पुन्हा सुरू करायला काहीतरी मुद्दाम करावं लागतं. ज्यांना ट्रकवाल्यांच्या गव्हर्नरचा राग येतो त्यांना आपल्या गाडीतल्या क्रूझचा अभिमान असतो, हीही एक गंमत.

मग ते पायाचं. आपण म्हणतो, यंत्राने पायाचं काम काढून घेतलं. पाय फक्त हुकूम देतो असं आपण धरून चालतो म्हणून असं म्हणतो. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँटी यांनी १९४५ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात आंधळ्याच्या काठीचं उदाहरण दिलं आहे. सवय झाल्यावर आंधळ्याला काठी हातात जाणवत नाही. त्याचा स्पर्श काठीच्या टोकाशी गेलेला असतो. तिथेच ते गाडीचंही उदाहरण देतात : सराईत माणूस अरुंद फटीतून गाडी नेताना रुंदी मोजत बसत नाही, गाडीची कड त्याच्या अंगाची कड झालेली असते. तसा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हा रस्त्याची खबर आणणारा अवयव आहे. रस्ता जड झाला, वारा समोरून आला, टायरमध्ये हवा कमी आहे, गाडीत मागे चार गोणी जास्त आहेत, हे सगळं तळपायाला आधी कळतं. मिनीडोरवाल्याला विचारा, तो सांगेल, ‘गाडी आज ओढत नाही.’ कुठल्या काट्यावर वाचलं? काट्यावर नाही, पायाने वाचलं. क्रूझ लावलं की हे दूत घरी पाठवले जातात. यंत्र गुपचूप जास्त इंधन देऊन वेग राखतं, आणि काहीतरी बिघडतंय ही बातमी तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि मोकळा झालेला पाय ठेवायचा कुठे? हा प्रश्न आम्हाला तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला, म्हणजे तो सगळ्यांना पडत असणार. काही जण जमिनीवर पसरून ठेवतात, एकजण म्हणाला मी मांडी घालतो. मंडळी, ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. मांडी सोडवून ब्रेक सापडेपर्यंत किती मीटर जातील याचा हिशेब घरी करून पाहा.

यापेक्षा नाजूक गोष्ट ‘रिझ्यूम’च्या बटणाची. एका मध्यमवयीन बाईंनी सांगितलेला अनुभव. मोकळ्या रस्त्यावर ९० लावलेलं होतं. पुढे ट्रक आला, ब्रेक दाबला, क्रूझ सुटलं. ट्रकमागून गाव पार केलं, ट्रक वळला, आणि सवयीने अंगठा रिझ्यूमवर गेला. गाडी एकदम उसळली. रस्ता आता दुपदरी होता, कडेला शाळा होती. यंत्राला ९० आठवत होते आणि त्याने ते इमानदारीने परत आणले. नैयायिक स्मृतीला प्रमेमध्ये, म्हणजे यथार्थ ज्ञानात, धरत नाहीत. त्यांच्यावर त्यासाठी टीका पुष्कळ झाली. आम्हीही तरुणपणी वर्गात ती हिरिरीने मांडत असू. पण या बाईंचं बोलणं ऐकल्यावर नैयायिकांची बाजू आम्हाला नव्याने पटली. स्मृती मागच्या प्रसंगाचं ज्ञान आताच्या प्रसंगात आणून ठेवते. ते तेव्हा खरं होतं एवढीच तिची ग्वाही. आता खरं आहे का, हे बघायला डोळे उघडावे लागतात. त्या बाईंनी ब्रेक दाबला, कोणाला काही झालं नाही. त्यांनी रिझ्यूम मात्र तेव्हापासून सोडलं. आता प्रत्येक वेळी त्या पायाने वेग घेतात आणि मग नव्याने लावतात. आम्हाला ही पद्धत फार पसंत पडली.

आता खरा मुद्दा. क्रूझ लावल्यावर चालवणारा कोण होतो? आधी तो करणारा होता. आता तो बघणारा होतो. बघणं हे करण्यापेक्षा सोपं असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांकडून खुणा सुटू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ केलं. काटा ठरावीक टप्प्याने पुढे सरकायचा, आणि क्वचित दुप्पट उडी मारायचा. बघणाऱ्याने फक्त ती उडी सांगायची, दोन तास. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष छापले : पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष घसरतं. माणसं आळशी नव्हती. काहीही न घडणाऱ्या गोष्टीकडे टक लावून बसणं हे आपल्या मनाच्या घडणीतच नाही. समृद्धी महामार्ग बघा. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा, रस्ता सरळ. क्रूझ कंट्रोलचं माहेरच ते. आणि तिथूनच आलेली माणसं सांगतात, ‘डोळे उघडे होते, पण मधले वीस किलोमीटर आठवत नाहीत.’

या अडचणीवर सगळ्यात शहाणं उत्तर कोणी काढलं असेल तर ते या आपल्या शेजारच्या रुळांवर धावतं. आपल्या रेल्वेच्या इंजिनांत दक्षतेची तपासणी करणारं एक उपकरण असतं. चालकाने साधारण मिनिटभर कुठलीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग आवाज होतो, तरी उत्तर आलं नाही तर ब्रेक लागतो. म्हणजे रेल्वेने मान्य केलं की बघणाऱ्यालाही कोणीतरी बघावं लागतं. मोटारीत आता आता डोळ्यांवर लक्ष ठेवणारी साधनं येऊ लागली आहेत. पण बहुतेक क्रूझवाल्या गाड्यांत अजून असं काही नाही. तुम्ही झोपलात तरी यंत्र तुमचा ८० चा शब्द पाळत राहील.

रेल्वेचं आणखी एक शहाणपण पावसाचं. कोकण रेल्वे दरवर्षी पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी करते. चाकरमानी त्यावर कुरकुरतो, पण तेच योग्य आहे. गाडीतल्या बटणाला जून आणि डिसेंबर सारखेच. पावसात क्रूझ लावू नका असं सगळे सांगतात, कारण कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. रस्त्यावर पाण्याचा थर साचला आणि वेग जास्त असला की टायर त्या थरावर चढतो, पकड सुटते. अशा वेळी करायचं एकच : अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय अलगद उचलायचा. पण क्रूझवाल्याचा पाय आधीच उचललेला आहे! इंजिन मात्र ओढतंय. त्याच्या पायाला आठवतो तो फक्त ब्रेक, आणि नेमका तिथे जोरात ब्रेक मारणं धोक्याचं. घाटाच्या उतारावरही साधं क्रूझ दुबळं. ते इंधन तोडू शकतं, गुरुत्वाकर्षण तोडू शकत नाही. आंबेनळीने पोलादपूरला उतरताना खालच्या गिअरला पर्याय नाही.

इथं कोणीतरी २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवेल. महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं. ती आठवण या चर्चेत ‘जागा माणूस असता तर’ अशा अर्थाने आणणं अन्यायाचं आहे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. अंधारात, मुसळधार पावसात, नसलेला पूल बघायचा कोणी आणि कसा? माणसाच्या लक्षालाही हद्द आहे. आम्ही माणसाची थोरवी गायला उभे नाही.

राहता राहिला जबाबदारीचा प्रश्न. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. तिथला रोख असा की जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही. आजच्या गाडीवाल्याची चूक नेमकी उलटी आहे. धडक झाल्यावर तो म्हणतो, ‘क्रूझवर होती.’ म्हणजे करणाला कर्ता केलं. कायदा हे मानत नाही. पोलीस बटणाचं नाव लिहून घेत नाहीत. आणि वेदान्तातला साक्षी आठवून कोणी म्हणेल की आम्ही फक्त साक्षी होतो, तर खरा साक्षी बघायला कोलाडला जा. १९९९ पासून तिथे ट्रक मालगाडीवर चढवतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवतात. ट्रकचा ड्रायव्हर आपल्याच ट्रकमध्ये बसून या वीर स्टेशनातून पुढे जातो. स्टिअरिंग समोर आहे, गाडी धावते आहे, आणि तो काहीही करत नाही. त्याने झोपावं, त्याला हक्क आहे, कारण कर्तेपण त्याने कोलाडला दुसऱ्याच्या हाती रीतसर सोपवलं. क्रूझवाल्याने ते कोणालाच सोपवलेलं नसतं.

वेळ झाली, पण मागून एक प्रश्न आला आहे, तो घेतो. एक ताई विचारतात, ‘सर, माझा मुलगा ठाण्याला असतो. शुक्रवारी कामावरून सुटला की रात्रीच निघतो. नवीन गाडीत हे आहे. त्याला वापरू नको म्हणून सांगू का?’

ताई, सरसकट नको म्हणालात तर तो ऐकणार नाही, आणि त्याचं चूकही नाही. मोकळा सिमेंटचा तुकडा आहे, ऊन आहे, झोप झालेली आहे, तर खुशाल लावू दे, पाय ब्रेकच्या जवळ ठेवून. पण तुम्ही सांगताय ती वेळ वेगळी आहे. दिवसभर काम, मग रात्रीचा रस्ता. त्या वेळी पायाचा चाळा हाच त्याला जागं ठेवणारा एक आधार असतो, तो काढून घेऊ नये. त्याला म्हणावं, रात्री निघालास तर बटण बंद. वडखळला किंवा कोलाडला उतरून चहा घे. आणि जमलं तर शुक्रवारी रात्री ठाण्यालाच झोप, शनिवारी पहाटे चारला नीघ. माणगाव जागं व्हायच्या आत पार होतं, नाश्त्याला तो वीरला तुमच्यासमोर असेल.